खारूच्या खुर्चीतली हवा

४ जानेवारी, रविवार

खारू घरी आली. आधी हे लिहून टाकते, बाकीचं मागाहून. आली!

ही डायरी औषधाच्या दुकानदाराने दिली. दर वर्षी देतो, आणि दर वर्षी मी ती खिडकी आपटू नये म्हणून फटीत कोंबते. या वर्षी म्हटलं लिहू या. सांगण्यासारखं घडतंय, आणि शेजारीण तरी बिचारी किती ऐकेल. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यातही निम्मा वेळ धाकटी भावंडं सांभाळायला घरी. पण जोडाक्षरं येतात मला. नातीचं सगळं कामच अक्षरांचं, तिच्या आजीला एवढं तरी यायला हवं.

खारू म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. खरं नाव वेगळं, पण लहानपणी कपाटावर, गजांवर, जिथे पाय टेकेल तिथे चढायची, म्हणून मी खार म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. मोठी झाली तशी पाट्या रंगवणाऱ्या मालकाकडे लागली. शिडीवर उभी राहून दुकानांवर नावं रंगवायची. शिडी सरकली. आता कंबरेखाली तिला काही कळत नाही. मी दवाखान्यात कोणी नसताना चिमटा काढून बघितला होता. तिने पाहिलं आणि म्हणाली, "काढ अजून एक, फुकट आहे." अशी आहे ती.

मुलगा ट्रक चालवतो, कधीमधी तोंड दाखवतो. सून खारू लहान असतानाच गेली. म्हणजे खारू दवाखान्यात होती ते इतके महिने घरात मी आणि भिंती. आज खारू दारातून आत आली आणि म्हणाली, "आजी, केवढा पसारा!" आणि मला एवढा आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. कशी आली ते डोळ्यांसमोर दिसतंय, तरी आनंद.

आणि खुर्ची! अगं बाई, ती तर सायकलच आहे. आरे, ट्यूब, रिम, सगळं ओळखीचं. आमच्या यांचं सायकलचं दुकान होतं आणि हवा भरायचं काम जन्मभर माझं. मी चाकावर टिचकी मारली आणि खारूला म्हटलं, "डावं कमी आहे." ती हसली. किती दिवसांनी.

७ जानेवारी, बुधवार

दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी बाई घरी येऊन गेली. वय पोरीएवढं आणि बोलणं हेडमास्तरणीचं. मी तिला व्यायामबाई म्हणते, तिला चालतं.

तिने मला खुर्ची शिकवली. बसायच्या-उठायच्या आधी दोन्हीकडचे ब्रेक लावायचे, एक लावून भागत नाही. पायाच्या पट्ट्या वर उचलायच्या, त्यांच्यावर भार दिला तर खुर्ची पुढे तोंडावर येते. उतारावर खाली नेताना उलटं न्यायचं, म्हणजे आपण खालच्या बाजूला आणि खुर्ची आपल्याकडे पाठ करून. मागच्या मुठींना जड पिशवी टांगायची नाही, नाहीतर चढावर खुर्ची मागे कलंडते. मी म्हटलं, "आणि टायरात हवा कमी असली तर ब्रेक लागूनसुद्धा चाक घसरतं." ती म्हणाली, "अगदी बरोबर, आजी." मग काय, मी फुगलेच.

खुर्चीत बसायला एक गादी आहे, काळी, रबराची, वर पालथ्या वाट्या मांडल्यासारखी. तिच्यातही हवा. व्यायामबाई म्हणाली, "हिच्यात हवा बेताची ठेवायची. ती बसली की तिच्याखाली हात घालून बघायचं. हाड आणि तळ यांच्यात बोटभर जागा हवी. कमी झाली तर हाड तळाला टेकेल, जास्त झाली तर ती वर तरंगेल. दोन्ही वाईट." मी मान हलवली. पण माझं लक्ष होतं व्हॉल्व्हकडे, आपला पंप लागेल का ते बघत होते. लागेल, नळीचं एक तोंड बदलावं लागेल.

आणखी खारूला सांगितलं की थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, आणि सकाळ-संध्याकाळ आरसा धरून मागचं अंग बघायचं, कुठे लाल दिसलं आणि लाली गेली नाही तर बसायचं नाही, लगेच फोन करायचा. मी म्हटलं, "आरसा कशाला? मी आहे ना. न्हाऊमाखू घातलंय हिला."

खारू म्हणाली, "झालं. आता माझं बूडही हिच्याच ताब्यात."

१२ जानेवारी, सोमवार

काय सांगू! मालक आला होता. तो असा माणूस की चहा पितानासुद्धा कपाची कड सरळ आहे का बघतो. म्हणाला, नवा बाजार उभा राहतोय, तिथल्या सगळ्या दुकानांच्या पाट्यांचं काम मिळालंय. खारूसाठी त्याने बुटकं टेबल करून घेतलंय, खुर्ची खाली जाईल असं. पाट्या खाली आणून रंगवायच्या, चढवायला दुसरे आहेत. दोन फेब्रुवारीपासून.

"पण दिवसभर बसता आलं पाहिजे," तो म्हणाला. "काम अंगावर आहे. मला अर्ध्या दिवसाचा माणूस परवडणार नाही. तुझा हात कोणाला नाही, म्हणून थांबलोय."

"बसेन," खारू म्हणाली.

तो गेल्यावर ती किती तरी वेळ नुसती बोटं चोळत बसली होती. मग म्हणाली, "आजी, हे हुकलं तर मी या खोलीतच म्हातारी होईन गं. तुझ्याआधी."

मी म्हटलं, "हुकतंय कशाला? मी बसवते तुला दिवसभर."

१५ जानेवारी, गुरुवार

आज खुर्चीची पूर्ण ओव्हरहॉलिंग केली. यांचा शब्द. आरे ताणले, पुढच्या छोट्या चाकांत केस अडकले होते ते चिमट्याने काढले, ब्रेकचे नट आवळले, टायर टणक केले. शेजारीण बघायला आली, तिला म्हटलं, "बस, तुझीपण करून देते." ती म्हणाली, "माझी कंबर ताणून दे आधी."

मग गादी काढली. बघते तर पिचकलेली! अशी हवा भरतात? पाव हवासुद्धा नाही. दवाखान्यात गर्दी, एकेकाला किती वेळ देणार, दोन फुंकरी मारल्या असतील आणि दिलं पाठवून. पोरीला दिवसभर बसायचंय त्याच्यावर. मी नळीचं तोंड बदललं, पंप लावला आणि भरली. प्रत्येक वाटी कशी ताठ उभी राहिली. अंगठ्याने दाबून बघितलं, आत जाईना. हे म्हणायचे, अंगठा आत गेला तर गिऱ्हाईक परत आलं समजा.

खारू बसली. म्हणाली, "उंच झाल्यासारखं वाटतंय. हलतंय जरा."

"नवी हवा आहे. बसेल."

"हात घालून बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हटलं. अंगठ्याने बघितलं, अंगठा हाताचाच आहे की.

"बरं बाई. हवेचं तुझ्याकडे. मी नाही त्यात पडत," म्हणाली आणि ब्रश घेतला. मला इतकं बरं वाटलं. हे असताना गिऱ्हाईकं असंच म्हणायची.

२१ जानेवारी, बुधवार

खारू सकाळपासून टेबलाशी. दिवसभर बसायची सवय करतेय. जुन्या पत्र्यावर अक्षरं काढते, पुसते, परत काढते. आधी मध्येमध्ये हातांवर जोर देऊन उचलायची स्वतःला. आता लांब रेघ मध्येच सोडवत नाही म्हणते, रेघ तुटते, जोड दिसतो. मलाही बघवत नाही तिचं ते उचलणं, दंड थरथरतात आणि मग ब्रश हलतो. मी म्हटलं, "राहू दे गं. गादी टणक आहे आता."

संध्याकाळी अंग पुसताना मागे उजवीकडे लाल दिसलं, अंगठ्याएवढं. तिने विचारलं, "आहे का काही?"

"काही नाही गं. पँटची शिवण रुतलीय."

तेल लावून चांगलं चोळलं. एक बरं, तिला दुखत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

लाल होतं ते आता जांभळट दिसतं. वरची साल थोडी गेलीय. पावडर टाकली, वर मऊ फडकं ठेवलं. सांगितलं असतं, पण सांगून काय होणार? ती व्यायामबाईला फोन करणार, व्यायामबाई म्हणणार बसू नको, आणि दोन तारीख आली तोंडावर. पोर रात्रंदिवस तेच बोलतेय. साल काय, लहान पोरांच्या गुडघ्यांची रोज जाते.

"काही नाही ना?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि गादीत आणखी थोडी हवा भरली, म्हणजे त्या जागेला आधार मिळेल.

आज तिने पत्र्यावर माझं नाव काढलं. मोठ्ठं, सावलीसकट. मी किती तरी वेळ बघत बसले. माझं नाव एवढं मोठं कोणी कधी लिहिलंच नव्हतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

गेली! कामाला गेली!

मीच ढकलत नेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतार आहे, तिथे उलटी झाले आणि पाठीमागे बघत बघत उतरले, "बाजूला व्हा, बाजूला व्हा, खारू येतेय" असं ओरडत. एक सायकलवाला हसला. त्याला म्हटलं, "हसू नकोस, तुझं मागचं चाक वाकडं आहे."

मालकाने टेबल खरंच छान केलंय. खुर्ची बरोब्बर खाली जाते. खारूने पहिलं अक्षर काढलं तेव्हा बाकीचे रंगारी हातातलं काम सोडून बघायला आले. एक म्हणाला, "ही खाली बसून आमच्या वर गेली." मी दाराशी उभी राहून रडले आणि मग घरी येऊन दोन वेळा चहा केला, एकटीसाठी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खारू दमते. जेवत नाही. काल हुडहुडी भरली, मग घाम. म्हणते रंगाच्या वासाने डोकं जड होतं. घरात पण कसला तरी वास येतोय, गोडूस, कुजका. मी कपाट ओढून मागे झाडलं, म्हटलं उंदीर मेला असेल. सापडला नाही.

फडकं ओलं होतंय. दोनदा बदललं. मधोमध काळं दिसतं, खपली धरत असेल. म्हणजे भरत आलंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काल मालकाचा फोन आला. खारू टेबलावर डोकं टेकून पडली ती उठेना. अंग तव्यासारखं. गेले तर ती मला ओळखेना. मला "बाई" म्हणाली.

दवाखान्यात तिला पालथी केली आणि माझं फडकं काढलं. तिथला एक जण तोंड फिरवून खिडकीपाशी गेला. मला बाहेर पाठवलं. आत कात्री वाजत होती, ती ऐकत बसले.

मुलाला कळवलं. तो कुठे तरी लांब आहे, ट्रक सोडून येता येत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खारू शुद्धीवर आहे. ताप अजून आहे. सिस्टर फार चांगली आहे, मोठ्या आवाजाची. म्हणाली बेडसोर आहे, हाडापर्यंत गेलाय, विष रक्तात उतरलं होतं. मी म्हटलं, "बेडचा कसा असेल? ती तर दिवसभर खुर्चीत होती."  सिस्टरने कोपऱ्यातली गादी उचलून दोन्ही हातांनी दाबली.

"ही एवढी कोणी भरली?"

"मी," खारू म्हणाली, पालथी पडल्या पडल्या, उशीत तोंड खुपसून. "मीच भरली."

पोर तापात बरळत होती. तिने पंपाला हात लावलेला नाही. मी म्हटलं, "नाही हो सिस्टर, हिला कुठलं जमतंय. मी भरली. जन्म गेलाय माझा सायकलच्या दुकानात. दाबून बघा, महिना झाला तरी तसूभर उतरली नाही."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मग खारूकडे बघितलं. खारूने डोळे मिटले.

"आजी," ती म्हणाली, "गप्प बसायचं होतंस गं."

मी विचारलं का. कोणी सांगेना.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

व्यायामबाई आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. मला व्हरांड्यात नेलं, फरशीवर गादी ठेवली आणि म्हणाली, "आजी, बसा हिच्यावर."

बसले. तिने माझ्याखाली हात सरकवला आणि विचारलं, "काय टोचतंय?" दोन हाडं टोचत होती, दोन दगडांवर बसावं तशी. मी लगेच हलले.

"तुम्ही हललात," ती म्हणाली. "तिला कळत नाही. ती हलत नाही."

मग तिने व्हॉल्व्ह सैल केला. सुस्स आवाज यायला लागला तशी मी म्हटलं, "अहो, जातेय हवा!" ती म्हणाली, जाऊ द्या. मी हळूहळू आत बुडत गेले आणि एका जागी थांबले, कोणी ओंजळीत धरावं तशी. कुठेच काही टोचत नव्हतं. तिने माझाच हात धरून माझ्याखाली घातला. बोटभर जागा होती.

टायर गाडी उचलायला असतो, गादी माणसाला आत घ्यायला. एवढंच होतं. तिने सात जानेवारीला सांगितलं होतं. ते डायरीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, आत्ता वाचलं.

मग मी तिला तेलाचं विचारलं. म्हणाली, लाल झालेलं चोळायचं नसतं. चोळल्याने आतलं मांस आणखी फाटतं.

मी रोज चोळत होते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हाड खरवडलं. अजून एकदा करावं लागेल म्हणतात. मग दुसरीकडचं मांस आणून बुजवायचं, मग किती तरी महिने पालथं. त्यातही पू थांबला तर. डॉक्टर "तर" म्हणून थांबले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मालक आला होता. फळं आणली. म्हणाला, "घाई करू नकोस, तब्येत आधी." खारूने विचारलं, "बाजाराच्या पाट्या?" तो म्हणाला, चाललंय, एक पोरगी मिळालीय, शिकतेय. टेबलाचं विचारलं तर म्हणाला, "तिच्यासाठी जरा उंच करून घेतलं."

खारू म्हणाली, "बरं झालं, नाहीतर मान दुखेल तिची."

तो गेल्यावर मी म्हटलं, भला माणूस आहे, वाट बघेल.  पालथं असलं की रडणं दिसत नाही, नुसती पाठ हलते.

२२ फेब्रुवारी, रविवार

मी तिला म्हटलं, मला शिव्या दे. ती म्हणाली, "देऊन काय करू? तुझ्याशिवाय इथे आहे कोण?"

एवढंच बोलली दिवसभरात.

१ मार्च, रविवार

पट्टी बदलताना मला नेहमी बाहेर काढतात. आज सिस्टरने पडदा ओढला आणि मी उठले, तशी खारू म्हणाली, "आजीला राहू द्या."

"नको," सिस्टर म्हणाली. "म्हातारं माणूस, पडेल."

"बसून बघेल. तिला बघू द्या. मला दिसत नाही, मला कळत नाही. कोणीतरी बघितलं पाहिजे."

सिस्टरने मला स्टूल दिलं. मी चष्मा पुसला. दोन वेळा पुसला, उगीच. मग पट्टी निघाली. आतून लांबच लांब कापड निघत राहिलं, संपेचना. मी बघितलं. मी हिचं सगळं अंग ओळखते, जन्मली तेव्हा पहिली मीच पुसली होती. हे अंग मी ओळखलं नाही. तळाशी पांढरं होतं. मी सिस्टरला खुणेने विचारलं, हे हाड का, आणि तिने मान हलवली.

नवीन पट्टी भरून ती गेली. खारूचं तोंड खाटेच्या कडेला होतं, म्हणून मी खाली फरशीवर बसले, म्हणजे तिला माझं तोंड दिसेल. गुडघे कडकडा वाजले. ती म्हणाली, "तेलपाणी कर जरा सांध्यांना." मी हसणार होते, पण जमलं नाही.

मग तिने विचारलं, "किती आहे गं?"

तोंडाशी आलं होतं. इतके दिवस रोज म्हणत होते तेच, त्याच आवाजात, काही नाही गं, भरत आलंय. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या गालावर चादरीच्या घड्या उमटल्या होत्या.

"माझी मूठ जाईल आत," मी म्हटलं. "तळाशी हाड दिसतं. कडा काळ्या आहेत. एका बाजूला अजून पिवळं आहे, ते वाढलंय की कमी झालंय ते मला कळत नाही, पहिल्यांदाच बघितलं."

 शेजारच्या खाटेवरच्या बाईने आमच्याकडे पाठ फिरवली.

"बरं," खारू म्हणाली. "मग उद्या परत बघ. आणि परवा. आणि मला असंच सांग."

"असंच सांगेन."

"वाईट असलं तरी."

"वाईट असलं तरी," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. आता झोपलीय. मी फरशीवरच बसून लिहितेय, कारण जागी झाली आणि समोर कोणी दिसलं नाही तर पालथं पडून तिला मागे वळून बघता येत नाही.